एका वेळी एकच बाटली

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राबरोबर एक खोकं पाठवलं आहे. तू आधी खोकं फोडशील आणि मग पत्र वाचशील हे मला ठाऊक आहे. लहानपणापासून तुला आधी खाऊ आणि मग माणसं. तर खोक्यात बाटली आहे आणि बाटलीत सांधेदुखीवरच्या गोळ्या. औषध नव्हे, टॉनिक म्हण हवं तर. कशापासून करतात ते वाचून हसशील, म्हणून मीच सांगते. कोळंबीच्या आणि खेकड्यांच्या कवचांपासून.

उमेदीची सगळी वर्षं त्या कारखान्यात कोळंबी सोलण्यात गेली माझी. डोकं मोडायचं, टरफल काढायचं, मागच्या पन्हळीत भिरकावायचं. दिवसाअखेर टरफलांचा ढीग माणसापेक्षा उंच व्हायचा. ट्रक येऊन तो घेऊन जायचा, पण कुठे नेतो हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही. आता कळलं. ती टरफलं धुतात, दळतात, त्यातून कसलंसं सत्त्व काढतात आणि बाटल्यांत भरून विकतात. म्हणजे मी जन्मभर ज्याची घाण वाटून हात धुतले, तेच आता तुला पाठवते आहे. आमच्याबरोबर कामाला एक होती, तिला आम्ही जाडी म्हणायचो. तिला या गोळ्यांनी फरक पडला. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाजारातून येते आणि माझ्या दारासमोर मुद्दाम भरभर चालते.

ज्यांच्या अंगावर कोळंबीने पित्त उठतं त्यांनी या घेऊ नयेत असं लिहिलं आहे. तुझी ती काळजी नाही. तू खेकड्याची नांगीसुद्धा चोखून पांढरी करायचास.

इकडचं सांगायचं तर लेक-जावई सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. आले की माझ्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि दिवसभर दमलेल्या माणसाने ओरडावं तरी किती? म्हणून आता आमचं बरंचसं खुणांवर चालतं. यंत्रांच्या आवाजाने कान नेले ते नेलेच. फोन कानाला लावला की आत भुंगा शिरल्यासारखं होतं. म्हणून तुला पत्रातच गाठायचं.

लेकीने घरामागे माझ्यासाठी खोली काढली आहे. भिंती झाल्या, खाली अजून नुसतं सिमेंट आहे. फरशी माझा दादा बसवणार, असं मी जाहीर करून टाकलं आहे. खुर्चीत बसून दुसऱ्याकडून बसवून घे, पण तू ये. वहिनी गेल्यापासून चौथ्या मजल्यावर भिंतींकडे बघत बसतोस, त्यापेक्षा इथे येऊन माझ्यावर ओरड. मला ऐकू येणार नाही, तुझा राग निघेल.

माया पाठवत राहा. तिचं वजन होत नाही, तिकिटं कमी लागतात.
तुझी,
भिंगरी

२९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

खोकं मिळालं. आधी खोकंच फोडलं. गोळ्या कोटाच्या बटणाएवढ्या आहेत, गिळताना मान वर करून कोंबड्यासारखं करावं लागतं. वासावरून तू कारखान्यात न्यायचीस त्या डब्याची आठवण आली. तू घरी यायचीस तेव्हा मांजरं मागोमाग यायची.

टपाल सहीचं होतं, म्हणून पोस्टमनबाई चारही जिने चढून वर आली. एरवी पत्रं तळमजल्याच्या पेटीत पडतात आणि खालच्या मजल्यावरची नर्स ती वर आणून देते. ही बाई धापा टाकत होती, मी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. तिने विचारलं की एवढं काय आहे खोक्यात. सांगितलं तर म्हणाली, तिच्या सासूचेही गुडघे गेले आहेत. मग खाली बघून म्हणाली की इमारतीत एवढी सरळ फरशी कुठेच नाही. मी म्हटलं, मीच बसवली आहे. तिने वाकून सांध्यांवरून बोट फिरवलं. बाकीच्यांना फरशी आहे हेच कळत नाही, घसरल्याशिवाय.

आई म्हणायची, या पोराची अक्कल गुडघ्यात आहे. तेव्हा राग यायचा. आता डॉक्टर फोटो उजेडात धरून सांगतात की गुडघ्यातलं अस्तर झिजलं, हाडाला हाड लागतंय. म्हणजे अक्कलही घासली गेली असणार. तेव्हा पत्रातल्या चुका पोटात घाल. झिजणारच म्हणा. फरशीवाला जग गुडघ्यावरून बघतो. मला घरमालकांचे बूट आठवतात, चेहरे एकाचेही नाहीत.

तुझ्या खोलीचं मनावर घेतलं आहे. गुडघे जरा ऐकायला लागले की येतो. तोवर कुणा नवशिक्याला सिमेंटला हात लावू देऊ नकोस.

एक विनंती. गोळ्या पाठवशील तर एका वेळी एकच बाटली पाठव. जास्त पाठवल्यास खराब होतील.

जावयांना आणि लेकीला आशीर्वाद सांग, खुणेने का होईना.
तुझा,
दादा

५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दुसरी बाटली पोचली असेल, ही तिसरी. तू म्हणतोस तशी एकच. दुकानदार म्हणत होता की अर्धा डझन एकदम घेतल्या तर पुष्कळ स्वस्त पडतील. बाटलीवर वापरायची मुदत पुढच्या दोन वर्षांची आहे. तुझ्याकडे काय त्या महिन्यात नासणार आहेत? पण तुझा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वहिनीसुद्धा शेवटी हात टेकायच्या.

दुकानदार सरळ माणूस निघाला. म्हणाला, काहींना बरं वाटतं, काहींना ढिम्म फरक पडत नाही, आणि झिजलेलं अस्तर काही परत उगवत नाही. मी म्हटलं, बरं वाटलं तरी पुरे. मग त्याने विचारलं की तुमचे भाऊ आणखी कुठली औषधं घेतात का. मी ठसक्यात सांगितलं, गुडघे सोडले तर माझा दादा खणखणीत आहे. तरीपण घेत असशील काही तर कळव.

तुझ्या पत्रात गुडघ्यांबद्दल चार ओळी होत्या आणि पोस्टमनबाईबद्दल दहा. या वयात गुडघ्याला बाशिंग बांधायचा विचार तर नाही ना? आधीच ते दुखतात, त्यात बाशिंगाचं ओझं कशाला.

माझं ठीक आहे. दुपारी रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून बसते. परवा लेक येऊन मागे उभी होती म्हणे, केव्हापासून हाका मारत होती. मला वाटलं घरात कुणी नाही. ती गेल्यावर बराच वेळ वाटत राहिलं की अशी किती माणसं माझ्यामागे उभी राहून निघून गेली असतील.

जाऊ दे. चालायला लागलास की नाही ते लिही. आणि माझ्यावरचा जीव आहे तेवढाच ठेव, मला जास्त सोसत नाही.
तुझी,
भिंगरी

१४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

बाशिंगाचं वाचून एकटाच हसलो. अगं, ती आपल्या लेकीएवढी आहे. तिला क्रेन चालवणारा धडधाकट नवरा आहे. मागच्या खेपेला दहा मिनिटं बसली. सासूशी पटत नाही, पण सासूच्या गुडघ्यांना तेल लावून देते, आणि तेल लावतानाच काय त्या दोघी धड बोलतात, असं सांगत होती.

आता खुशखबर. गोळ्या लागू पडल्या. परवा खाली उतरलो, कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत गेलो. बाक रिकामा होता, तासभर बसलो. पलीकडे एक निवृत्त कारकून बुद्धिबळाचा पट मांडून जोडीदाराची वाट बघत होता. त्याच्याशी दोन डाव हरलो. तिसऱ्यात त्याचा वजीर मारला तेव्हा तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. परत येताना पाव घेतला, पायऱ्या मोजल्याही नाहीत.

तर फरक आहे. म्हणून मी दोनाच्या जागी चार गोळ्या घेतो, म्हणजे तुझ्याकडे दुप्पट लवकर पोचेन. अर्थात बाटली लवकर संपते. चौथी पाठवून दे, एकच.

दुसऱ्या औषधांचं विचारलंस. या वयात कोण घेत नाही? किरकोळ आहे.

तुझ्या मागे कुणी उभं राहून निघून गेलं असेल असं मनात आणू नकोस. खुर्चीचं तोंड दाराकडे कर. एवढं सोपं आहे ते.
तुझा,
दादा

११ मे

आदरणीय आत्यांना,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी काकांच्या खालच्या मजल्यावर राहते आणि सरकारी दवाखान्यात नर्स आहे. काकांना मी काका म्हणते म्हणून तुम्हाला आत्या म्हटलं. घाबरू नका. काका दवाखान्यात आहेत, पण आता धोका नाही. हे आधी सांगून मग बाकीचं लिहिते.

मंगळवारी काकांच्या नाकातून रक्त यायला लागलं ते थांबेना. मी कामावर होते. तुमची चौथी बाटली घेऊन पोस्टमनबाई वर गेल्या तेव्हा काकांनी तोंडाला टॉवेल लावूनच दार उघडलं. टॉवेल पूर्ण भिजला होता आणि ते त्यांना खुर्चीत बसा म्हणत होते. पोस्टमनबाईंनीच आरडाओरड करून माणसं जमवली. खुर्चीत बसवून काकांना चौघांनी खाली आणलं.

काकांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. त्यासाठी ते दोन वर्षांपासून रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. तुम्हाला त्यांनी हे कळवलं नव्हतं असं आता समजतं. त्या गोळीबरोबर तुम्ही पाठवता ते टॉनिक घेतल्यास काही जणांचं रक्त जास्तच पातळ झाल्याचं आढळलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. काका तर दुप्पट घेत होते. पण सगळा दोष त्या गोळ्यांनाच देता येणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. रक्त किती पातळ झालं आहे त्याची तपासणी वरचेवर करायची असते. ती काकांनी थंडीपासून केलीच नाही, कारण त्यासाठी खाली उतरावं लागतं.

आत्या, काका गेले कित्येक महिने दिवाणखान्यापलीकडे गेलेले नाहीत असंच म्हणायला हवं. हिवाळा लागण्याआधी ते शेवटचे जिना उतरले. किराणा मी आणते. मी रक्त घ्यायला माणूस घरी बोलावते म्हटलं, तर ते म्हणायचे, पुढच्या महिन्यात मीच येतो चालत. मी नर्स असून ऐकून घेतलं.

टॉनिक आता पाठवू नका. पत्र मात्र पाठवा. ते विचारतात, आलं का म्हणून.

लोभ जडायला ओळख जुनी लागत नाही, म्हणून हक्काने लिहिलं.
आपली,
खालच्या मजल्यावरची नर्स

१७ मे

दादा,

साष्टांग नमस्कार वगैरे नंतर. आधी भांडते.

बागेत गेलास. बाकावर बसलास. कारकुनाचा वजीर मारलास. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. अरे, खोटं बोलायचं ते बोल, पण इतकं नीटनेटकं? मी ते पत्र जाडीला वाचून दाखवलं, लेकीला दाखवलं. माझा दादा चालायला लागला म्हणून दुकानदाराला पेढा द्यायचा तेवढा बाकी ठेवला होता.

आणि हृदयाचं दोन वर्षं दडवून ठेवलंस. वहिनी गेल्या तेव्हापासूनच ना? मी तिथे आले होते तेव्हा तू जिन्यात मध्येच थांबलास आणि बुटाची नाडी बांधायला लागलास. मला वाटलं, रडू लपवतोय.

नर्सचं पत्र आलं त्या दिवशी मी कपाटातली पाचवी बाटली काढून अंगणात नेली. फोडणार होते. मग वाटलं, बाटलीचं काय चुकलं? तिच्यावर जे लिहायचं ते लिहिलंच होतं. दुकानदाराने विचारायचं ते विचारलं होतं. मीच तुझ्यावतीने उत्तर देऊन मोकळी झाले. तुला काही होऊ शकतं हे मला नकोच होतं ऐकायला, आणि तेव्हा कानांचा काही संबंध नव्हता.

तुझ्या नाकातून रक्त येतंय आणि तू बाईला बसा म्हणतोस. या चित्राने मला झोप येत नाही.

मी येते आहे. माझी कंबर, माझे कान, सगळं घेऊन येते. नको म्हणून लिहू नकोस, तिकीट पुढच्या महिन्याचं मिळालं आहे आणि मी निघणारच. जावई गाडीत बसवून देणार आहेत आणि नर्स उतरवून घ्यायला येणार आहे, आम्ही दोघींनी परस्पर ठरवलं.

रागावले आहे तरी तुझीच,
भिंगरी

३० मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

काल घरी आलो. दवाखान्यातल्या दोघांनी खुर्चीतून वर आणलं. राजासारखं वाटलं, पण असा राजा जो गादीवरून उतरू शकत नाही. तू पंधरवड्याने येशील असं नर्स सांगते, तोवर हे पत्र पोचेल. तोंडावर मला हे सांगता येणार नाही. तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तर मुळीच नाही.

बागेचं खोटं होतं. तू बाटली पाठवतेस आणि उत्तराची वाट बघतेस. पहिल्या दोन बाटल्यांत काही फरक नव्हता. तिसरीतही नव्हता. पण ‘फरक नाही’ एवढंच लिहिलं असतं तर तू बाटल्या बंद केल्या असत्या.

आणि त्या मला बंद व्हायला नको होत्या. गोळ्यांसाठी नव्हे. टपाल सहीचं असलं की ती बाई वर येते. पहिल्या मजल्यावर तिच्या बुटांचा आवाज येतो तेव्हाच मला कळतं. दुसऱ्यावर ती थांबते, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते. तेवढ्यात मी उठून दाराशी पोचतो. मग दारावर थाप पडते आणि मी लगेच उघडत नाही. जरा वेळ तसाच उभा राहतो. या घरावर कुणीतरी थाप मारतंय हे ऐकत. सहा बाटल्या एकदम आल्या असत्या तर थाप एकदाच पडली असती.

नर्स येते, पण तिच्याकडे किल्ली आहे. ती थकून आलेली असते, पिशवी ठेवते, गोळ्या बघते, जाते. तिला बस म्हणायचा धीर होत नाही. तिचं घर तिची वाट बघत असतं.

तुझी वहिनी असताना आम्ही काही फार बोलायचो असं नाही. ती आतून काहीतरी विचारायची, मी ऐकलं न ऐकलंसं करायचो. आता कधी कधी स्वयंपाकघराकडे तोंड करून ‘काय म्हणालीस?’ असं म्हणून बघतो.

चार गोळ्या घेतल्या ते मात्र खरोखर तुझ्याकडे यायच्या ओढीने. फरक नाही हे माहीत असून घेतल्या. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला कोळंबीच्या टरफलाचा.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक कडक मुलगी होती. ती म्हणते, अस्तर गेलं ते गेलं, पण मांडीचे स्नायू बळकट केले तर ते गुडघ्याचा भार घेतील. खुर्चीत बसून पाय सरळ वर धरायला लावते. पाय असा थरथरतो की पाहावत नाही. करतो आहे.

तू ये. ये असं मी गेल्या दोन वर्षांत तुला एकदाही लिहिलं नव्हतं, हे आत्ता लिहिताना ध्यानात आलं.
तुझा,
दादा

२ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड आलं.

तू गेलीस त्या संध्याकाळी मी दोन कप चहा केला. दुसरा ओतून द्यायला नको म्हणून तोही प्यायलो आणि झोप उडवून घेतली. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी नर्सला विचारलं म्हणे, की काकांकडे आलेल्या त्या पाहुण्यांशी काकांचं भांडण मिटलं का? आपण दोघं ओरडत होतो ते त्यांना भांडण वाटलं. त्या एवढ्या दिवसांत आपण काय काय बोललो ते सगळ्या इमारतीला पाठ असणार. तू आईच्या लाटण्याची गोष्ट सांगितलीस ती खालच्या मजल्यावर नर्सच्या नवऱ्यालाही ऐकू गेली आणि तो हसला.

आता घर पूर्वीपेक्षा जास्त गप्प आहे. पूर्वी सवय होती, तू ती मोडून गेलीस. तुझ्यावर रागावलो होतो दोन दिवस. पाहुणा येण्याआधी माणूस एकटा असतो ते वेगळं आणि पाहुणा गेल्यावर असतो ते वेगळं. पलंगाच्या कडेला तू टेकायचीस तिथे चादरीला सुरकुती पडली आहे. ती मी अजून ओढली नाही.

निघताना तू जिन्यात मागे वळून काहीतरी म्हणालीस. मला ऐकू आलं नाही. गंमत आहे ना? या खेपेला मला. मी नुसती मान हलवली. काय म्हणालीस ते लिही.

रक्त घ्यायला आता महिन्यातून एकदा माणूस घरी येतो. आकडा ठीक आहे. पाय वर धरला की थरथर जरा कमी झाली आहे, दुखणं तेवढंच.

कळावे, म्हणजे न लिहिलेलंही कळावे.
तुझा,
दादा

१२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जिन्यात मी म्हणाले होते की गॅसवर दूध ठेवलंय, उतू जाईल. तू मान हलवलीस आणि मला वाटलं कळलं तुला. उतू गेलं असेल. काहीतरी मोठं ऐकायच्या आशेने विचारलंस ना? मोठं काही मला निघताना सुचत नाही.

इकडे एक गोष्ट झाली आहे, रागावू नकोस. मी परत येईपर्यंत लेकीने खोलीत फरशी बसवून टाकली. पावसाची ओल यायला लागली म्हणून तिला थांबता येईना. फरशीवाला घाईचा होता. लेक म्हणते दोन ठिकाणी पोकळ वाजते. मला ऐकू येत नाही, तेव्हा माझ्यापुरती उत्तम आहे.

तर आता फरशीचं निमित्त नाही. तुला बोलवायला माझ्याकडे काहीच काम नाही. खिडकीखाली तुझ्या पलंगाएवढी जागा मोकळी ठेवली आहे, बस एवढंच. खोली जमिनीला लागून आहे, उंबराही नाही. महिनाभरासाठी ये, नाहीतर कायमचा ये. तुझं घर सोडायला मी सांगणार नाही, वहिनी तिथे आहेत हे मी त्या दिवसांत पाहिलं. पण त्यांच्याशी बोलून बघ.

लेकीने आता एक पद्धत काढली आहे. मागून आली की खांद्यावर हात ठेवते. मी दचकते, पण हात आवडतो.
तुझी,
भिंगरी

२० सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हे पत्र खालून लिहितो आहे. खालून म्हणजे रस्त्यावरून. आमच्या इमारतीला लागून चष्मेवाल्याचं दुकान आहे, त्याच्या दारातल्या स्टुलावर बसलो आहे. कागद आणि पेन त्याचंच. खोटं वाटत असेल तर कागदाच्या माथ्यावर छापलेला चष्मा बघ. तुझा विश्वास बसायला पुरावा लागणार, ते मी ओढवून घेतलं आहे.

गेला महिनाभर एकेक मजला करत होतो. आडवं वळून, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, दुखरा पाय आधी खाली. त्या कडक मुलीने शिकवलं होतं, उतरताना वाईट पाय पुढे, चढताना चांगला. खेकड्यासारखा उतरतो. तेवढा गुण मात्र तुझ्या गोळ्यांनी आला. पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. दुसऱ्यावर दोन आठवडे अडकलो. आज कुणाला सांगितलं नाही. नर्स कामावर होती. उतरत राहिलो, आणि पायरी शोधत पाय पुढे केला तर पुढे पायरीच नव्हती, जमीन होती.

गुडघा दुखतो आहे, चांगलाच. बरा झालो असं अजिबात समजू नकोस.

वाटलं होतं, खाली आलो की ओळखीचं कुणीतरी भेटेल. ‘काका, किती दिवसांनी!’ असं कुणी म्हणेल. कुणी म्हटलं नाही. वर्षभरात रस्त्यावरची दुकानं बदलली आहेत. चष्मेवालाही नवा आहे, त्याला मी कोण ते ठाऊक नाही. त्याने मला घाम पुसताना बघितलं आणि स्टूल बाहेर आणून ठेवलं. माणसं पुढून जाताहेत. मी सवयीने बूट बघत होतो, मग मान वर करून चेहरे बघायला लागलो. अनोळखीच सगळे. पण तुला सांगतो, वरच्या खोलीत एकटं असणं आणि इथे एकटं असणं यात फार फरक आहे. इथे निदान एकाने मला चुकवून बाजूने जायला पाऊल वळवलं. म्हणजे मी त्याच्या वाटेत होतो.

तुझ्या वहिनीशी बोललो. ती काही बोलली नाही. जिवंतपणीसुद्धा मी काही ठरवलं की ती बोलायची नाही, नुसती बॅग काढून ठेवायची. काल बॅग मीच काढली. थंडी सुरू होण्याआधी येतो. महिनाभरासाठी म्हणून येतो, पुढचं तिथे बघू. घराची किल्ली नर्सकडेच राहील. त्या पोकळ फरशीबद्दल मी चकार शब्द काढणार नाही, मात्र एकदा ठोकून बघेन.

पत्र लांबत चाललं आहे ते केवळ मायेने नव्हे. चार जिने चढायचे आहेत आणि जिवावर आलं आहे. चष्मेवाला दिवे लावतो आहे, त्याला स्टूल आत घ्यायचं असणार, पण तो मला उठवत नाही.

टपालपेटी कोपऱ्यावर आहे. जिन्याच्या उलट्या दिशेला. नर्सकडे द्यायचं सोडून हे मीच टाकतो. आधी तिकडे जाऊन येतो, मग चढायचं बघू.

वाट बघ.
तुझा,
दादा